मावळातले बिनशेंदराचे दगड

गावाचं नाव मी लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते. उर्से टोलनाक्याच्या आसपास मुख्य रस्ता सोडून आत शिरणारे जे रस्ते आहेत, त्यांतल्या एकावर ते आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की पुढच्याच रविवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतील, आणि निम्म्या गाड्यांची दारं उघडून गाणी लागतील. माणसांवर माझा विश्वास जरा कमीच. तेहतीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीचं काम केलं. सख्खे भाऊ बांधावरचा दगड सरकवतात आणि वर माझ्यासमोर एकमेकांच्या गळ्याची शपथ घेतात, हे इतक्यांदा पाहिलंय की मोजता येणार नाही. संशय हा माझ्या नोकरीचा भाग होता. निवृत्तीनंतर भत्ते बंद झाले, तो तेवढा चालू राहिला.

तर दिवाळी उरकली आणि नलिनीचा फोन आला. नलिनी माझी कॉलेजातली, वसतिगृहातली मैत्रीण. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि सोमाटण्याला फ्लॅट घेऊन राहिली. मी कऱ्हाडला. ती म्हणाली, "कुमुद, मावळात दगडांचं वर्तुळ आहे. नवाश्मयुगातलं. मी शोधलंय. तू ये आणि मोजून नकाशा काढून दे."

"तू शोधलंस म्हणजे? ते कुणाच्या शेतात नाही का?"

"शेतातच आहे. पण काय आहे ते मी ओळखलं."

मग तिने सगळं सांगितलं. ते शेत सुंदराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचं. शेताला लागून जाणारी पायवाट आता मोठा रस्ता होणार होती, आणि तो रस्ता बाईंच्या भाताच्या खाचरातून जाईल अशी चिन्हं होती. घरात पिकणारं तेवढंच एक खाचर. पण शेतात प्राचीन वर्तुळ असल्याची सरकारदरबारी नोंद झाली, तर रस्ता ओढ्याच्या पलीकडून वळवावा लागेल. पुरातत्त्वाच्या लोकांकडे अर्ज करायचा होता, आणि अर्जाला जाणत्या माणसाने सही केलेला मोजणीचा नकाशा हवा होता.

म्हणजे शोध नलिनीचा, शेत सुंदराबाईंचं आणि सही माझी. मी बॅग भरली, पण मनात शंकेची पाल चुकचुकलीच. ज्या बाईचं शेत जाणार, नेमकं तिच्याच शेतात नवाश्मयुग निघावं?

सोमाटणे

नलिनीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खिडकीतून जुना हायवे दिसतो आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर भांडी वाजतात. तिने जेवायला इंद्रायणीचा भात केला होता. आमच्या कऱ्हाडला भात असा चिकट झाला की पाणी जास्त पडलं म्हणतात, इथे त्यालाच अभिमानाने इंद्रायणी म्हणतात. मी तसं बोलून दाखवल्यावर नलिनीने माझ्या पानात आणखी दोन डाव वाढले. चव चांगली होती, हे मला मान्य करावं लागलं.

जेवण झाल्यावर तिने वही काढली. चाळीस पानं. दगड सव्वीस, त्यांची वर्णनं, फोटो, आणि मध्यभागी एक लांबलचक सिद्धांत. वर्तुळात दोन उंच दगड समोरासमोर आहेत, त्यांच्यावरून रेघ ओढली तर ती समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडे जाते, आणि वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी सूर्य त्याच खिंडीत मावळत असणार.

"असणार म्हणजे? तू पाहिलंस?"

"मी मे महिन्यापासून जातेय, डिसेंबर अजून यायचाय. पण गणित जुळतंय गं."

मला जुळणाऱ्या गणिताची फार भीती वाटते. शेतकऱ्याने सांगितलेलं क्षेत्र आणि मोजलेलं क्षेत्र गुंठ्यागुंठ्याने जुळलं की आम्ही कचेरीत हमखास फेरमोजणी करायचो. विदर्भात दगडांची जुनी वर्तुळं आहेत असं ऐकून होते. पण इथे, जिथे बंगल्यांसाठी रोज एक माळ सपाट होतो, तिथे आजवर कुणाला दिसलं नाही आणि ते नलिनीलाच दिसलं? बरं, शेतातली गोल जागा म्हटली की खळं असू शकतं, मेंढरांचा वाडा असू शकतो. मी तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तू अगदी तशीच राहिलीस." हे कौतुक नव्हतं.

शेत

सकाळी नलिनीच्या छोट्या गाडीतून निघालो. भातं कापून झाली होती. खाचरांत नुसते सड उभे होते आणि बांधाबांधावर पेंढ्यांचे भारे रचलेले. डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या गाड्यांनी रस्ता दिसत नाही. इथे रस्त्यावर दर वळणाला 'प्लॉट विकणे आहे'चा फलक आणि फोन नंबर.

गावाच्या वरच्या अंगाला सुंदराबाईंचं घर. पत्र्याचं छप्पर, समोर सारवलेला ओटा, आत भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याला निळी चौकट. त्यांना सगळं गाव मावशीच म्हणतं, म्हणून मीही म्हणायला लागले. पंचाहत्तरीच्या, बारीक, पाठ ताठ. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि नकाशा काढायच्या माझ्या प्लेन टेबलाच्या तिवईकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

वर्तुळ खाचराच्या वरच्या पट्टीवर होतं. नलिनी लांबूनच माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, पाहिल्याबरोबर मीही थांबले. गुडघ्याएवढे, कुठे कमरेएवढे काळे दगड गोल करून उभे, मागे डोंगर आणि वर नुसतं आकाश. क्षणभर मी ऑफिस विसरले. मग जवळ गेले आणि ऑफिस परत आलं.

पहिली गोष्ट म्हणजे शेंदूर. आपल्या मुलखात उभा दगड दिसला की आठवड्याभरात कुणीतरी त्याला शेंदूर फासतं, महिन्याभरात नारळ फुटतो आणि वर्षाने पत्र्याची शेड येते. इथे सव्वीस दगड हजारो वर्षं उभे, आणि एकालाही शेंदराचा ठिपका नाही? सगळ्या दगडांभोवती मी वाकून वाकून फिरले. काही नाही.

दुसरी गोष्ट दगडफुलाची. आपण मसाल्यात घालतो ते. करडे-पांढरे पापुद्रे, दगडाच्या उघड्या अंगावर सावकाश वाढतात. इथल्या दोन दगडांवर ते होते, पण पार खाली, मातीत शिरणाऱ्या कडेला. दगडफूल काही जमिनीखाली वाढत नाही. आणि त्याच दगडांच्या वरच्या टोकाला लाल मातीचा जुना डाग. म्हणजे हे दोन दगड उलटे उभे होते. कुणीतरी उपटले होते आणि पुन्हा पुरताना खालचं वर केलं होतं.

तिसरी गोष्ट ओढ्याच्या बाजूचा एक दगड. त्याच्यावर छिन्नीचे ओळीने टवके होते. नवाश्मयुगात लोखंडी छिन्नी कुठून आली, हे मला नलिनीने सांगावं.

मी कुणाला काही बोलले नाही. टेबल मांडलं आणि मोजायला सुरुवात केली. नलिनी टेपचं टोक धरून दगडादगडाशी धावत होती, आणि दर वेळी "किती आलं?" असं विचारत होती. सगळ्यात शेवटी मी ते दोन उंच दगड घेतले आणि त्यांच्यावरून समोर नजर लावली. रेघ खिंडीत जात नव्हती. चांगली चार अंश बाजूला, साध्या कड्यावर जाऊन आपटत होती.

"हजारो वर्षांत पृथ्वीचा आस थोडा हलतो," नलिनी घाईने म्हणाली.

"आस हलला तर सूर्य हलेल नलू. खिंड कशी हलेल?"

ती टेप गुंडाळायला लागली. मावशी मगापासून बांधावर बसून आमच्याकडे पाहत होत्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"मावशी, किती वर्षांचे असतील हे दगड?"

"लय जुनं हायेत. माज्या सासऱ्याच्या आज्यानं बी असंच बघितल्यालं."

"इथेच?"

"दगुड जुनं हायेत म्हनलं की." आणि त्या उठल्या. "चला, भाकरी खाऊन घ्या. ऊन झालंय."

मी दगडांची जागा विचारली होती, त्यांनी वय सांगितलं. साक्षीदार असं उत्तर देतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण होतं. आमच्याकडे खेकडा सोलून, निवडून, रस्सा गाळून वाढतात. इथे अख्खी नांगी ताटात. मी ती दाताने फोडायला गेले आणि दाढेतलं सिमेंट निघून कालवणात पडलं. मावशी म्हणाल्या, "वरवंट्यानं फोडायची असती बया, दातानं न्हाई." मी गाल धरून उरलेली भाकरी रश्शात बुडवून खाल्ली. कालवण असं होतं की दाढ दुखत असताना मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पण वाढणाऱ्या बाईवरचा माझा संशय तसाच होता.

परतताना गाडीत मी नलिनीला विचारलं, "बाईंना मुलं कोण?"

"एक मुलगा, विलास. लोणावळ्याला हॉटेलात आहे. त्याच्यावरच घर चालतं खरं तर."

लोणावळ्यात हॉटेल, गावात प्राचीन वर्तुळ. माझ्या डोक्यात लगेच सगळा डाव उभा राहिला. पाहुण्यांना सहलीला न्यायचं, म्हातारीने चहा-भजी विकायची, आणि नलिनीसारख्या भाबड्या बाईकडून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. मी तो बोलून दाखवला, तेव्हा नलिनीने मला जवळजवळ गाडीतून उतरवलं.

लोणावळा

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी तळेगावहून गाडी पकडली आणि लोणावळ्याला उतरले. स्टेशनबाहेर चिक्कीची दुकानं. पहिल्या दुकानावर 'अस्सल' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'मूळ', तिसऱ्यावर 'आमची कुठेही शाखा नाही'. या गावात खरं काय ते ओळखणं अवघडच होतं. मी कुठलीच चिक्की घेतली नाही. दाढही नव्हतीच तशी.

विलासचं हॉटेल बाजाराच्या मागच्या बाजूला, मधल्या दर्जाचं. मी आत गेले आणि काउंटरवर म्हटलं, "दोन दिवसांसाठी खोली हवीय. आजूबाजूला काही जुनं, ऐतिहासिक बघायला मिळेल का?" काउंटरवरच्या मुलीने नेहमीची यादी सांगितली. लेणी, किल्ले, धरण, धबधबे, मेणाचे पुतळे. मी खोदून खोदून विचारलं, "दगडांचं वर्तुळ वगैरे?" तिला माहीत नव्हतं. माहितीपत्रकं ठेवली होती, ती मी एक एक करून सगळी पाहिली. त्यातही नव्हतं.

तेवढ्यात मागून एक पंचेचाळिशीचा गृहस्थ आला. पांढरा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही नकाशावाल्या ना?"

माझ्या खांद्याला मोजणीचा टेप लटकत होता. चामड्याच्या डबीतला, तेहतीस वर्षांचा. पर्स म्हणून उचलला होता मी तो घाईत.

विलासने मला मागच्या बाजूला, धुतलेल्या चादरींच्या ढिगाऱ्याशेजारी खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी सरळच विचारलं. "तुमच्या पाहुण्यांना तुम्ही ते दगड दाखवायला नेता का?"

त्याला आधी हसू आलं, मग वाईट वाटलेलं दिसलं. "मॅडम, त्या दगडांचं नाव मी इथे काढलं ना, तर आई मला घरात घेणार नाही. लोक काय करतात जुन्या वस्तूंचं ते मी रोज बघतो. त्यावर चढून फोटो काढतात."

"मग ते दगड उपटले कुणी?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आईला विचारा तुम्ही. मी फक्त साखळी धरली होती."

त्या वाक्यावर मी डाव जिंकल्यासारखी उठले. मला पकडायचं होतं आणि मी पकडलं होतं. गाडीत मला मात्र त्याचा चेहरा आठवत राहिला. पकडला गेलेला माणूस असा दिसत नाही, हे मला नोकरीमुळे कळत होतं, आणि मी ते कळून घेत नव्हते.

माळ

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नलिनीला सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघी पुन्हा मावशींच्या ओट्यावर जाऊन बसलो. विलासचा त्यांना फोन आलेला होता. मला प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

"वर चला," त्या म्हणाल्या. "हितं बसून न्हाई सांगता यायचं."

शेताच्या वर, ओढ्याच्या कडेकडेने चढून गेलं की एक सपाट माळ लागतो. शेतापासून चारशे फूट असेल. माळावर मातीचे ढीग पसरलेले, त्यांच्यावर रान उगवलेलं. मावशी त्या मातीत उभ्या राहिल्या.

"हितं हुतं ते. आमचा न्हवता माळ कधी, आमची फकस्त राखन. जुन्या काळी गावाची शीव राखायचं काम आमच्या घराकडं हुतं. हद्दीचा वाद लागला की आमच्या घरचा मानूस फुडं चालायचा आन सारं गाव मागनं. त्यो जितं थांबंल तितं शीव."

हे मला ठाऊक होतं. जुन्या कागदांत अशा माणसांच्या साक्षी मी वाचल्या होत्या.

"छप्पन साली सासऱ्यानं दीक्षा घेतली," मावशी सांगत होत्या. "तवापासनं शेंदूर बंद, कोंबडं बंद. ज्यो शेंदूर हुता त्यो बी सासऱ्यानं घासून काढला. पर दगडाला हात लावू द्याचा न्हाई कुनाला. लोकं म्हनायची, आता देव मानत न्हाई तर राखतोस कशापायी? त्यो म्हनायचा, देव म्हनून न्हाई, कुनीतरी मांडलंय म्हनून."

दोन वर्षांपूर्वी माळ विकला गेला. नव्या मालकाचं जेसीबी आलं आणि कडेपासून माती ढकलत ढकलत दगडांपाशी पोचलं. रविवारी मशीन बंद होतं. मावशी, विलास, त्याची बायको आणि शेजारचा ट्रॅक्टर अशा सगळ्यांनी मिळून त्या एका दिवसात सव्वीस दगड काढून खाली आणले. नुसते आणले नाहीत. वर्तुळाच्या मधोमध खुंटी ठोकली, खुंटीपासून प्रत्येक दगडापर्यंत दोरी धरली, दोरीला दगडाच्या जागी चिंधी बांधली. विलासच्या मोबाईलमधलं होकायंत्र बघून दिशा धरली. मग खाली शेतात दुसरी खुंटी मारून, त्याच दोऱ्यांनी, त्याच दिशांना दगड जसेच्या तसे उभे केले. दोन घाईत उलटे लागले. एक साखळीतून निसटून फुटला, त्याच्या जागी त्यांनी स्वतःच्या दाराचा दगडी उंबरा काढून उभा केला. छिन्नीचे टवके त्यावरचे होते.

"जागा रिकामी ठेवू व्हय? मोजताना कमी भरलं असतं."

पुढे खडक लागला म्हणून मालकाने काम सोडून दिलं. पण दगड तोवर खाली आले होते.

मी त्या दोन उंच दगडांच्या जागा विचारल्या. मावशींनी पावलं टाकत दाखवल्या. मी एका जागेवर उभी राहिले, नलिनीला दुसऱ्या जागेवर उभं केलं, आणि तिच्या डोक्यावरून पाहिलं. समोर बरोबर खिंड होती. होकायंत्राने दिशा तीच ठेवली होती. पण दिशा तीच ठेवून जागा बदलली, तर समोरची खिंड बाजूला जाणारच. विलासला हे कोण सांगणार?

नलिनीला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि मला बाजूला ओढलं. "कुमुद, ऐक. खरं आहे ना वर्तुळ? मग खालच्या जागेवर सही कर. चारशे फुटांचा तर फरक आहे."

"नलू, दोन फुटांसाठी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्यात."

"तिचं शेत जाईल!"

तेच तर होतं. मी मावशींना बसवलं आणि जसं आहे तसं सांगितलं. जुन्या गोष्टीत दगडाला मोल त्याच्या जागेमुळे. उपटलेला दगड म्हणजे नुसता दगड. पण दगड उभा करताना खाली खड्डा खणतात, त्यात दगडाच्या चिपा ठोकून तो पक्का करतात. ते खड्डे या मातीखाली अजून असतील, आणि पुरातत्त्वाच्या माणसाला दगडांपेक्षा त्यांचंच महत्त्व जास्त. मी नकाशा माळाचा काढला तर माळ वाचेल. मग रस्ता वळवायला काही कारण उरणार नाही, तो तुमच्या खाचरातून जाईल. शिवाय दगड तुम्ही हलवले हेही लिहावं लागेल, आणि त्यावरून तुम्हाला कुणी बोल लावणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. नकाशा खालचा काढला तर कदाचित खाचर वाचेल. कदाचितच. ज्याला कळतं असा माणूस आला तर मला जे दिसलं ते त्यालाही दिसेल.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. खाली त्यांचं शेत दिसत होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"आमच्या घरानं खोटी शीव कवा दावली न्हाई," त्या म्हणाल्या. "माजं खाचार ऱ्हावं म्हनून दावू? वरच काढा."

"मावशी, घाई करू नका. विलासला विचारा."

"त्याला इचारून दगुड हलवलं व्हतं का? काढा तुमी."

नलिनी पाठमोरी होऊन उभी राहिली. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर सही खाली करावी असं मलाही एकदा वाटून गेलं.

मग मावशी पुढे आणि मी टेप घेऊन मागे. ढिगांवरून, रानातून त्या चालत होत्या, थांबत होत्या, पाय आपटून म्हणत होत्या, "हितं. ह्यो ठेंगना." चार पावलं पुढे. "हितं. ह्यो वाकडा." प्रत्येक जागेवर नलिनी खुंटी रोवत होती. मी मात्र मीच. पहिल्या जागेवर पहार मारून पाहिली. वरची भुसभुशीत माती सोडून पहार कडक जमिनीला लागली, मग एकदम आत गेली, आणि खाली चिपांवर ठणकली. सहाव्या जागेवर मारली. तसंच. सतराव्या जागेवर मारली. तसंच. त्यानंतर मी पहार खाली ठेवली आणि त्या सांगतील तिथे नुसती खूण करत गेले. सव्वीस जागा भरायला दुपार झाली.

नकाशा मी सोमाटण्याला त्याच दिवशी पक्का केला. एका कागदावर माळ आणि सव्वीस खड्ड्यांच्या जागा, दुसऱ्यावर शेत आणि दगड, आणि कुठला दगड कुठल्या खड्ड्यातला ते. आमच्या पद्धतीप्रमाणे खाली 'जागा दाखवणार' असा रकाना असतो. तिथे सुंदराबाईंचं नाव लिहिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचला आणि मग सही केली.

कऱ्हाड

पुढचं मला इथे परतल्यावर कळत गेलं. पुरातत्त्वाचे लोक आले, माती बाजूला केली, खड्डे सापडले. मावशींना ते रागावले आणि मग तासभर त्यांच्याजवळ बसून दोऱ्या कशा बांधल्या ते लिहून घेतलं. दगड वर नेऊन ठेवले गेले. वय अजून कुणी सांगितलेलं नाही. नलिनीची नवाश्मयुगाची खात्री आहे. माझी अजून कशाचीच नाही.

परवा मावशींचा फोन आला. रस्त्याची मोजणी झाली होती. रस्ता मावशींच्या आणि शेजाऱ्याच्या शेताच्या सामाईक हद्दीवरून जाणार आणि दोन्हीकडची सारखी जमीन घेणार, असं ठरलं होतं. बांध दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेलेला, जुन्या खुणा कुणाला सापडेनात. शेजारी मुंबईला, त्याला स्वतःचं शेत नीट माहीत नाही. मोजणीवाल्यांनी मावशींनाच विचारलं. हद्द दहा हात पलीकडे दाखवली असती तर त्यांचं खाचर वाचलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

"दावली," मावशी म्हणाल्या. "खाचरातनं जातुया रस्ता. अर्धं गेलं. म्हनलं तुमाला सांगावं."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर जागेवरच दाखवलीत ना मावशी?"

"खोटी दावली असती तर तुमाला फोन कशाला केला असता?"

मी त्यांची माफी मागितली. त्या "असू द्या" म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. त्यांचं शेत गेल्याची बातमी सांगायला त्यांनी मला निवडलं होतं, आणि मी त्यांची साक्ष तपासत बसले.